पाठीवरची डबी नेमकं काय मोजते?

1. जर्सीखालचं काळं बनियन

2 डिसेंबर 2022. कतारमधल्या फुटबॉल विश्वचषकात दक्षिण कोरिया आणि पोर्तुगाल यांचा सामना 1-1 असा अडकला होता. भरपाई वेळेत सोन ह्युंग-मिन चेंडू घेऊन एकटा पोर्तुगालच्या गोलपर्यंत धावत गेला, बचावपटूच्या पायांमधून त्यानं चेंडू पुढे सारला आणि ह्वांग ही-चाननं तो जाळ्यात मारला. या एका गोलानं कोरियाला बाद फेरीचं दार उघडून दिलं. आनंदाच्या भरात ह्वांगनं जर्सी काढली. नियमाप्रमाणे त्याला पिवळं कार्ड मिळालं, आणि जगभरच्या प्रेक्षकांना त्याच्या छातीवर एक काळं, अर्धवट, घट्ट बनियन दिसलं.

असं बनियन दिसलं की घरोघरी तोच प्रश्न निघतो. हे काय घातलंय यानं? आणि कशासाठी?

बनियनाला तसा काही अर्थ नाही. तो एक खिसा आहे. पाठीमागे, दोन्ही खांद्यांच्या पात्यांच्या मधोमध, मुठीत सहज मावेल अशी एक डबी त्यात बसवलेली असते. तिथंच का, याची कारणं साधी आहेत. त्या जागेवरून उपग्रहांचे संदेश नीट मिळतात, हातापायांना अडथळा होत नाही आणि डबी धडाबरोबर हलते. 2015 साली फुटबॉलच्या नियम ठरवणाऱ्या मंडळानं सामन्यातही अशी साधनं घालायला परवानगी दिली. ऑस्ट्रेलियन फुटबॉल, रग्बी, हॉकी आणि क्रिकेट या खेळांतही ती आता रोजच्या सरावाचा भाग झाली आहेत.

या डबीबद्दल एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी, कारण पुढचं सगळं प्रकरण तिच्यावरच उभं आहे. डबी फक्त स्वतःची हालचाल मोजते. खेळाडू दमला आहे का, त्याचा गुडघा दुखणार आहे का, तो मन लावून खेळतोय का, यातलं तिला काहीच कळत नाही. तिच्याकडून येतात ते आकडे. त्या आकड्यांवरून ‘दमला’ असं म्हणणारा कुणीतरी माणूस असतो, किंवा माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम.

2. हातात ढोल घेऊन धावणारा माणूस

अंगावर यंत्र बांधून धावण्याची कल्पना संगणकाच्या काळातली वाटते. प्रत्यक्षात ती दीडशे वर्षं जुनी आहे. एतिएन-ज्यूल मारे नावाच्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाला माणसाची आणि जनावरांची चाल कागदावर उतरवायची होती. चित्रपटाचा कॅमेरा तेव्हा नव्हता. मारेनं धावपटूच्या बुटाच्या तळात हवेचा एक कप्पा बसवला आणि त्यातून एक रबरी नळी वर हातापर्यंत आणली. पाऊल जमिनीवर टेकलं की कप्पा दाबला जाई, हवा नळीतून वर सरके आणि दुसऱ्या टोकाची सुई हले. धावपटूच्या हातात एक छोटा फिरता ढोल असे, त्यावर काजळी धरलेला कागद गुंडाळलेला. सुई त्या काजळीत रेघ ओढत जाई.

डोक्यावरही त्यानं एक साधन बांधलं होतं, शरीर किती वर-खाली होतं हे टिपायला. धावताना काही क्षण दोन्ही पाय हवेत असतात, हे त्या रेघांमधून सरळ वाचता येत होतं. 1873 साली आलेल्या त्याच्या पुस्तकात या धावपटूचं चित्र आहे. आजचं घड्याळ ‘जमिनीशी संपर्काचा वेळ’ आणि ‘उभी उसळी’ असे जे दोन आकडे दाखवतं, ते दोन्ही मारेनं काजळीच्या कागदावर मिळवले होते. दीड शतकात यंत्र लहान झालं, प्रश्न बदललेले नाहीत.

3. एसटीत उभा असलेला प्रवासी

डबीच्या आतलं मुख्य साधन म्हणजे ॲक्सिलरोमीटर, अर्थात त्वरणमापी. ते समजायला भरलेल्या एसटीत उभं राहिलेल्या प्रवाशाकडे पाहावं. ड्रायव्हरनं ब्रेक मारला की प्रवासी पुढे झुकतो. गाडी सुटली की मागे जातो. घाटात गाडी डावीकडे वळली की तो उजवीकडे कलतो. त्याचे डोळे बांधले तरी आपण किती आणि कुठल्या दिशेनं झुकलो, यावरून गाडीचं काय चाललंय हे तो सांगू शकेल.

एक गोष्ट मात्र त्याला सांगता येणार नाही. रस्ता सरळ आणि गुळगुळीत असेल आणि गाडी एकाच वेगानं चालली असेल, तर तो वेग ताशी 40 किलोमीटर आहे की 70, हे त्याला कळणार नाही. त्याला वेग जाणवत नाही, वेगातला बदल जाणवतो. या बदलाच्या दरालाच त्वरण म्हणतात.

डबीतल्या चिपमध्ये या प्रवाशाच्या जागी सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा असतो. केसाहून बारीक स्प्रिंगांवर तो टांगलेला असतो. त्याच्या कडांना कंगव्यासारखे दात असतात आणि समोर दुसऱ्या, स्थिर कंगव्याचे दात. तुकडा सरकला की दातांमधलं अंतर बदलतं, त्याबरोबर तिथं साठणारा विद्युतभार बदलतो, आणि तो बदल चिप आकड्यात सांगते. असे तुकडे तिन्ही दिशांना बसवले की पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली अशा सगळ्या धक्क्यांची नोंद होते.

या चिपा स्वस्त झाल्या त्या खेळामुळे नव्हे. 1990च्या दशकात मोटारींमध्ये एअरबॅग सर्रास बसू लागल्या. धडक बसल्याचं क्षणार्धात ओळखणारं, लाखोंनी बनवता येईल असं साधन मोटार कंपन्यांना हवं होतं. तीच विद्या पुढे मोबाइल फोनमध्ये, मनगटी घड्याळात आणि खेळाडूच्या पाठीवर पोहोचली.

4. वाकला की धावला?

ॲक्सिलरोमीटरची एक खोड आहे. टेबलावर स्थिर ठेवला तरी तो शून्य दाखवत नाही, 9.8 दाखवतो. एकक आहे मीटर प्रति सेकंद वर्ग. पृथ्वी त्या तुकड्याला खाली ओढते आणि स्प्रिंगा त्याला सावरून धरतात, तोच हा आकडा. या प्रमाणाला 1 जी म्हणतात. उलट तीच चिप उंचावरून सोडली, तर पडत असताना ती जवळपास शून्य दाखवते, कारण तुकडा आणि त्याची चौकट दोन्ही बरोबरच पडत असतात.

यातून खेळात मोठा घोळ होतो. हॉकीपटू चेंडूवर कमरेत वाकला की गुरुत्वाकर्षणाचा काही भाग पाठीवरच्या डबीच्या दुसऱ्या दिशेला मोजला जातो. नुसत्या ॲक्सिलरोमीटरला वाटतं, याला कुणीतरी पुढे ढकललं.

म्हणून सोबतीला जायरोस्कोप लागतो. तो फिरणं मोजतो, म्हणजे डबी सेकंदाला किती अंशांनी वळते आहे ते. त्याच्या आत एक सूक्ष्म तुकडा सतत थरथरत ठेवलेला असतो. चिप वळली की ही थरथर किंचित आडव्या दिशेला सरकते, आणि त्या सरकण्यावरून वळण्याचा वेग कळतो. तिसरा सोबती मॅग्नेटोमीटर, म्हणजे इवलंसं होकायंत्र. तो उत्तर दिशा धरून ठेवतो, मात्र जवळपास लोखंडी सांगाडा असला की गोंधळतो. तिघांच्या साक्षी एकत्र जुळवून प्रोग्रॅम ठरवतो, की डबी किती कलली, किती वळली आणि खरोखर किती ढकलली गेली.

तीन साधनं, प्रत्येकाच्या तीन दिशा, म्हणजे प्रत्येक क्षणी नऊ आकडे. सेकंदाला शंभर वेळा नोंद धरली, तर 90 मिनिटांच्या सामन्यात 5,400 सेकंद गुणिले 100 गुणिले 9, म्हणजे एका खेळाडूमागे 48 लाख 60 हजार आकडे. अकरा खेळाडूंचे 5 कोटी 35 लाखांच्या आसपास. प्रशिक्षकाच्या हातात अखेर पडतात ते दहा-बारा. मधल्या गाळणीत काय राहिलं आणि काय वाहून गेलं, हा प्रश्न ज्या संघात विचारला जातो तिथं डबीचा उपयोग होतो.

5. चुकीवर चढणारी चूक

त्वरण माहीत असेल तर त्यावरून वेग काढता येतो आणि वेगावरून अंतर. शाळेतलं गणित आहे. मग उपग्रहांची गरज काय?

गरज आहे, कारण स्वस्त चिप थोडी चुकते. समजा, तिची चूक 0.1 मीटर प्रति सेकंद वर्ग इतकीच आहे, म्हणजे 1 जीच्या साधारण शंभराव्या भागाएवढी. खेळाडू स्थिर उभा असला तरी चिपला वाटतं, हा हळूहळू वेग घेतोय. दहा सेकंदांनी हिशेबातला वेग 1 मीटर प्रति सेकंद होतो आणि अंतर 5 मीटर. एक मिनिटानं अंतराची चूक 180 मीटर! जागेवर उभा असलेला गोलकीपर हिशेबानं मैदानाबाहेर गेलेला असतो.

यावर दोन उपाय आहेत. एक उपाय फार देखणा आहे. सेन्सर पाठीऐवजी बुटावर लावायचा. धावताना प्रत्येक पावलाला असा एक क्षण येतो, जेव्हा तळवा जमिनीवर जवळपास स्थिर असतो. त्या क्षणी प्रोग्रॅम वेग शून्यावर आणतो आणि पुढच्या पावलासाठी हिशेब नव्यानं सुरू करतो. चूक साठायला फक्त एका पावलाचा अवधी मिळतो.

दुसरा उपाय जीपीएसचा. डबी उपग्रहांचे संदेश पकडून आपली जागा आणि वेग ठरवते. खेळाडूंच्या डब्यांमध्ये ही नोंद बहुधा सेकंदाला दहा वेळा होते. लांब, सरळ धावेसाठी ती छान चालते. बचावपटूला चकवताना अर्ध्या सेकंदात दोनदा दिशा बदलली, तर दहापैकी पाचच नोंदी हाती लागतात, आणि तिथं ॲक्सिलरोमीटर व जायरोस्कोप कामाला येतात.

हे सगळं एका डबीत बसवून खेळाडूच्या पाठीवर चढवण्याच्या कामात ऑस्ट्रेलिया आघाडीवर होता, आणि त्यामागे एक जुनी सल होती. 1976च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये त्या देशाला एकही सुवर्णपदक मिळालं नाही. त्या धक्क्यातून 1981 साली कॅनबेराची ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट उभी राहिली. प्रयोगशाळेतली मोजमापं मैदानात कशी नेता येतील, यावर तिथं काम झालं आणि त्यातूनच 2006 साली मेलबर्नमध्ये कॅटापल्ट ही कंपनी निघाली. या क्षेत्रातलं ते आज सर्वांत ओळखीचं नाव आहे.

6. घड्याळ म्हणतं 42.7, फलक म्हणतो 42.195

मॅरेथॉन संपल्यावर धावपटूंच्या गटात ही तक्रार हमखास येते. मुंबईत तर ती येणारच. घड्याळात अर्धा किलोमीटर जास्त दिसतं आणि आयोजकांनी मार्ग चुकीचा मोजला, असा निष्कर्ष निघतो.

प्रमाणित मार्ग सायकलनं मोजतात. पुढच्या चाकाला फेऱ्या मोजणारं साधन लावतात आणि वळणांवर कडेपासून 30 सेंटिमीटरवरून, शक्य तितक्या जवळच्या वाटेनं सायकल नेतात. शिवाय मार्ग कमी पडू नये म्हणून दर किलोमीटरमागे एक मीटर मुद्दाम वाढवतात. म्हणजे पूर्ण मॅरेथॉन मुळातच सुमारे 42 मीटर जास्त लांब असते.

धावपटू मात्र त्या जवळच्या वाटेनं धावत नाही. तो गर्दी चुकवतो, पाण्याच्या टेबलाकडे जातो, वळण रुंद घेतो. हे सगळे मीटर खरेच असतात. त्यात घड्याळाची चूक मिसळते. उंच इमारतींच्या मधून जाताना उपग्रहाचा संदेश भिंतीवर आपटून उशिरा पोहोचतो आणि घड्याळ धावपटूला समोरच्या फुटपाथवर नेऊन ठेवतं. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर, उघड्या आकाशाखाली, तेच घड्याळ सरळ रेघ ओढतं. दोन्ही आकडे आपापल्या जागी ठीक असतात. एक रस्त्याची लांबी सांगतो, दुसरा मनगटाचा प्रवास, आणि तोही अंदाजे.

7. पाऊल कसं ओळखतात?

धावणाऱ्याच्या कमरेवरच्या सेन्सरचा आलेख काढला तर दर पावलाला एक टोक दिसतं. पाय टेकतो, धक्का बसतो, रेघ वर जाते. प्रोग्रॅम ही टोकं मोजतो. रिक्षातून जाताना रस्त्याच्या खड्ड्यांनीही टोकं येतात, त्यामुळे तो आणखी एक गोष्ट तपासतो: टोकं ठरावीक तालात येतात का? माणसाची पावलं तालात पडतात, खड्डे तसे पडत नाहीत.

टोकं मोजली की मिळते पावलांची गती, जिला धावपटू केडन्स म्हणतात. केडन्स गुणिले पावलाची लांबी म्हणजे वेग. हौशी धावपटू मिनिटाला 180 पावलं टाकत असेल आणि प्रत्येक पाऊल एक मीटरचं असेल, तर मिनिटाला 180 मीटर, म्हणजे ताशी 10.8 किलोमीटर.

आता शेजारी युसेन बोल्टला ठेवू. 2009 साली बर्लिनमध्ये त्यानं 100 मीटर 9.58 सेकंदांत पार केले, 41 पावलांत. म्हणजे सेकंदाला सुमारे 4.3 पावलं आणि प्रत्येक पाऊल सरासरी 2.44 मीटरचं. हौशी धावपटू सेकंदाला 3 पावलं टाकत होता. पावलांच्या गतीत बोल्ट दीडपटही पुढे नाही, लांबीत मात्र अडीचपट पुढे आहे. मोठा फरक पाय किती भरभर हलले यात नसून जमिनीला किती जोरात रेटा दिला यात आहे. आणि हा रेटा द्यायला अव्वल वेगवान धावपटूकडे सेकंदाचा दहावा भागच असतो. सेकंदाला दहा नोंदी करणारं साधन तेवढ्या वेळात एकच नोंद करील, शंभर नोंदी करणारं दहा करील. केडन्स मोजायला तेवढ्या पुरतात. रेट्याचा चढ-उतार बघायचा असेल तर हजार नोंदींच्या घरात जावं लागतं.

8. जलद गोलंदाजाची पाठ

डबीची सर्वांत कठीण परीक्षा जलद गोलंदाजीत होते, आणि भारतीय वाचकाला ती सर्वांत जवळचीही आहे.

जलद गोलंदाज क्रीजमध्ये पुढचा पाय आपटतो तेव्हा जमीन त्याच्या वजनाच्या साधारण पाच ते आठ पट बळानं उलट रेटा देते. त्याच क्षणी त्याचं धड वळत, मागे ताणत आणि बाजूला झुकत असतं. हा भार कमरेच्या खालच्या मणक्यांवर येतो. पुन्हापुन्हा आला की हाडात बारीक चीर पडते, तिला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. जसप्रीत बुमराला 2019 साली पाठीनं दगा दिला, 2022 साली पुन्हा, आणि मार्च 2023 मध्ये न्यूझीलंडला त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. 2024-25च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पाच कसोटींत त्यानं 32 बळी घेतले, त्यासाठी दीडशेहून अधिक षटकं, म्हणजे नऊशेहून जास्त चेंडू टाकले. सिडनीच्या शेवटच्या कसोटीत पाठ पुन्हा आवळली आणि दुसऱ्या डावात तो गोलंदाजी करू शकला नाही. पुढे 2025च्या इंग्लंड दौऱ्यात पाचपैकी तीनच कसोटी खेळायचं आधीच ठरलं होतं, त्यामागे हा हिशेब होता.

हिशेबाची पहिली पायरी म्हणजे चेंडू मोजणं. सामन्यात ते धावफलकावरच असतात. नेटमध्ये टाकलेले कोण मोजणार? 2015 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं, की पाठीवरच्या डबीतल्या जायरोस्कोप आणि ॲक्सिलरोमीटरच्या आकड्यांवरून प्रोग्रॅम गोलंदाजाचा चेंडू आपोआप ओळखू शकतो. रन-अप, उडी, धडाचं झटक्यात वळणं, पायाचा धक्का, हा क्रम इतका ठळक असतो की सरावात प्रोग्रॅम क्वचितच चुकतो. सामन्यात जास्त चुकतो, कारण तिथं खेळाडू गोलंदाजीसारख्या दिसणाऱ्या पण गोलंदाजी नसलेल्या हालचालीही करत असतो.

दुसरी पायरी भाराच्या उडीची. एक काल्पनिक गोलंदाज घेऊ. टी-ट्वेंटी लीगमध्ये तो आठवड्याला दोन सामने खेळतो, प्रत्येकी चार षटकं, म्हणजे 48 चेंडू. नेटमध्ये 60. एकूण 108. असे चार आठवडे जातात. पाचव्या आठवड्यात कसोटी. तिथं तो 35 षटकं टाकतो, 210 चेंडू, आणि आधी नेटमध्ये 30. एकूण 240. या आठवड्याला गेल्या चार आठवड्यांच्या सरासरीनं भागलं की 2.2 येतात. शरीराला सवय असलेल्या भाराच्या दुपटीहून जास्त.

2014 साली 28 जलद गोलंदाजांच्या सहा वर्षांच्या नोंदी तपासलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भाराची अशी उडी दिसली की पुढच्या आठवड्यात दुखापतीचा धोका वाढलेला होता. नुसते जास्त चेंडू टाकणं तितकं घातक नव्हतं. दीर्घकाळ भरपूर गोलंदाजी करणाऱ्यांची शरीरं उलट कणखर झालेली दिसत होती. हा निष्कर्ष प्रशिक्षकांना फार आवडला. 0.8 ते 1.3 म्हणजे सुरक्षित, 1.5 च्या वर धोका, असे तक्ते ड्रेसिंग रूमच्या भिंतींवर लागले.

मग शंका सुरू झाल्या, आणि त्या योग्यच होत्या. भागाकाराचं एक वैशिष्ट्य असं, की दुखापतीतून परतणाऱ्या खेळाडूची आधीची सरासरी मुळातच लहान असते, म्हणून त्याचा थोडा सरावही ‘धोक्यात’ दिसतो. नॉर्वेत 482 उदयोन्मुख फुटबॉलपटूंचे संघ दोन गटांत वाटून प्रत्यक्ष चाचणी झाली. एका गटाचा सराव या गुणोत्तराप्रमाणे आखला, दुसऱ्याचा नेहमीसारखा. 2021 साली निकाल प्रसिद्ध झाला. दुखापती आणि आजारांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. भार एकदम वाढवू नये हे शहाणपण कायम आहे. एकच जादूचा आकडा सगळ्यांना लागू पडतो, हा दावा मात्र टिकला नाही.

आणखी एक उणीव आहे. पाठीवरची डबी मणक्यावरचा भार मोजत नाही. जमिनीचा धक्का घोटा, गुडघा, नितंब यांतून वर येताना मऊ होत जातो. डबीला पोहोचतो तो उरलेला. म्हणून चांगले फिजिओ डबीच्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा लिहितात, ज्याला यंत्र लागत नाही. सराव संपल्यावर खेळाडूला विचारतात, शून्य ते दहामध्ये आज किती कठीण गेलं? उत्तर 7 आणि सराव 60 मिनिटांचा असेल तर भार 420. मंगळवारी तेवढ्याच चेंडूंना तो 5 म्हणाला होता आणि शुक्रवारी 8 म्हणतोय, तर डबीनं न पाहिलेलं काहीतरी घडलं आहे. झोप झाली नसेल, ताप येऊ घातला असेल, किंवा पाठीत काहीतरी सुरू झालं असेल. दोन आकडे जेव्हा एकमेकांशी भांडतात, तेव्हाच फिजिओचं खरं काम सुरू होतं.

9. चेंडूच्या पोटातला साक्षीदार

सेन्सर खेळाडूच्या अंगावरच हवा असंही नाही. 2022च्या विश्वचषकात ‘अल रिहला’ चेंडूच्या मधोमध एक मोशन सेन्सर लटकवलेला होता आणि तो सेकंदाला 500 वेळा नोंद करत होता. मुख्य काम ऑफसाइडचं. पास नेमका कुठल्या क्षणी सुटला, हे त्यावरून कळे.

पोर्तुगाल-उरुग्वे सामन्यात त्याला वेगळंच काम मिळालं. ब्रुनो फर्नांडिसनं मारलेला चेंडू गोलमध्ये गेला, वाटेत रोनाल्डोनं डोकं लावल्यासारखी उडी घेतली आणि गोल आपलाच म्हणून जल्लोष केला. गोल फर्नांडिसच्या नावावर लागला. पुढे चेंडू बनवणाऱ्या आदिदासनं आलेख जाहीर केला. रोनाल्डोचं डोकं जवळ आलं त्या क्षणी रेघ सपाट होती. स्पर्श झालाच नव्हता.

इथं सेन्सर इतका ठाम बोलू शकला, कारण प्रश्नच त्याच्या आवाक्यातला होता. चेंडूला धक्का बसला की नाही? गोलंदाजाच्या पाठीबद्दल विचारला जाणारा प्रश्न तसा नसतो.

10. आकडे कुणाच्या हातात जातात?

नोव्हेंबर 2017 मध्ये स्ट्राव्हा या धावपटू-सायकलपटूंच्या ॲपनं जगाचा एक नकाशा प्रसिद्ध केला. लाखो लोकांच्या धावण्याच्या वाटा त्यावर उजळून दिसत होत्या. जानेवारी 2018 मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आलं, की वाळवंटातल्या अंधारात मधूनच नीटस चौकोन आणि फेऱ्या चमकत आहेत. ते लष्करी तळ होते. सैनिक घड्याळ लावून तळाच्या कुंपणाकडेनं रोज धावत होते.

व्यावसायिक खेळाडूची अडचण याहून वेगळी आहे. त्याचा वेग या मोसमात किंचित उतरलाय, हे करार वाढवण्याच्या बैठकीत समोरच्या बाजूला आधीच माहीत असतं. शरीर त्याचं, आकडे क्लबच्या संगणकात. भारतात 2023 साली वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. जिल्हा पातळीच्या अकादमीत चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या पाठीवर डब्या चढू लागतील, तेव्हा ते आकडे कोण ठेवतो, किती काळ ठेवतो आणि निवड समितीला दाखवतो का, हे पालकांनी पहिल्याच दिवशी विचारायला हवं.

11. खो-खोच्या मैदानावर

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुषांच्या आणि महिलांच्या दोन्ही अंतिम सामन्यांत भारतानं नेपाळला हरवलं. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोघे कर्णधार महाराष्ट्राचे. मोठ्या स्पर्धांमध्ये हा खेळ आता छताखाली, मॅटवर खेळला जातो. तिथं जीपीएसचा काही उपयोग नाही. मात्र ‘खो’ मिळाल्यापासून पहिलं पूर्ण पाऊल पडेपर्यंत किती वेळ गेला, खांब मारताना धड किती वेगानं वळलं, डाइव्हनंतर उठायला किती वेळ लागला, हे सगळं ॲक्सिलरोमीटर आणि जायरोस्कोपच्या आवाक्यात आहे. या खेळाच्या गतीचं असं बारकाईनं मोजमाप करायला प्रचंड वाव आहे, आणि त्याची सुरुवात महागड्या डबीवाचूनही होऊ शकते.

कारण तेच सेन्सर शिक्षकांच्या आणि पालकांच्या खिशातल्या फोनमध्ये असतात. जर्मनीच्या आखेन विद्यापीठातल्या लोकांनी बनवलेलं ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप फोनच्या सेन्सरचे कच्चे आकडे जसेच्या तसे दाखवतं. फोन टेबलावर सपाट ठेवला की उभ्या दिशेला 9.8 च्या जवळचा आकडा दिसेल. फोन जाड गादीवर फूटभर उंचीवरून सोडला, तर पडतानाच्या क्षणात रेघ शून्याकडे कोसळलेली दिसेल. मग फोन कमरेच्या मागे घट्ट पट्ट्यात बांधून, जराही हिंदकळणार नाही असा, मुलाला 30 सेकंद धावायला लावावं. आलेखातली टोकं मोजून दोननं गुणलं की मिनिटाची केडन्स मिळेल. टोकं एकाआड एक उंच-ठेंगणी दिसत असतील तर डाव्या आणि उजव्या पायाचा धक्का सारखा नाही. पट्टा तिरका बसला तरी असंच दिसतं, म्हणून पट्टा पुन्हा बांधून तीच धाव आणखी एकदा घ्यावी. फरक तरीही त्याच बाजूला राहिला, तर त्या पायाचा बूट झिजला आहे का, घोटा पूर्वी मुरगळला होता का, हे मुलाला विचारायचं.